चौथं चाक

रेनालनं ताडपत्री ओढली तेव्हा
सीटच्या स्पंजचं, उंदरांनी रचलेलं एक घरटं
धपकन खाली पडलं.
रंग अजून लालच. फक्त टाकीवर
वडिलांच्या गुडघ्यांनी घासून काढलेली दोन पांढरी बेटं.
आणि तिन्ही टायर बसलेले,
जेवणानंतर म्हातारे बसतात तसे, पसरून.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. वडील ते ट्रकमधून उतरवत होते
आणि शेजारचा ओदिलों पेल्तिए कुंपणावरून ओरडला,
"चौथं उधारीवर ठेवलंस का रे, लुसिएं?"
गावाला तो विनोद अख्खा हिवाळा पुरला.
नदी गोठली, पलीकडे कॅनडात गेला,
तिथून थोडा वाढून परत आला.

आजी म्हणायची, हसू नका.
दूध काढायची तिवई बघा, गोठ्यात कुठंही ठेवा, डुगडुगत नाही.
खरं होतं ते.
पण तिवई वळत नाही, आजी.

बटाटे काढायला शाळेला सुट्टी असायची.
सऱ्यांमधून हेच धावायचं:
पाण्याचा कॅन, पिंपांवर लावायची नंबरांची तिकिटं,
फडक्यात गुंडाळलेली कुट्टूची धिरडी.

आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅटलॉग, चष्मा, टेप.
जुनी पोलादी रिमं भंगारवाल्याकडे आहेत,
त्यातलं एक अंड्यासारखं.
नवी ॲल्युमिनियमची खोल बशीची,
दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच बाहेर येतात.
मी म्हटलं, हीच घे. रुंद बसेल, उलटणार नाही.
रेनाल म्हणाला, ओढ्यावरच्या फळ्या?
मी म्हटलं, फळ्या बदलू.
तो म्हणाला, कोठाराचं दार?
मी दारही बदलायला तयार होते.

टायरांवरून तर दुपार गेली.
खोल नक्षीचे चिखलाला चांगले, पण कडक.
आणि याला स्प्रिंग नाहीत, टायर हेच स्प्रिंग;
हवा सव्वादोन पौंड, वर एक फुंकरही नको,
नाहीतर चेंडूसारखं उडतं.
वडील मीटर वापरत नसत. अंगठ्यानं दाबत,
आणि कणीक भिजली की नाही हे बघणाऱ्या बाईचा चेहरा करत.

शहाऐंशीचा ऑक्टोबर. चर्चमागचा उतार.
तो चौदाचा, मी नऊची, मागे बसलेली.
वळताना त्यानं पाय टेकवला,
सायकलवरून टेकवतात तसा, सवयीनं,
आणि मागचं चाक त्याच्याच पोटरीवर चढलं.
तेव्हापासून तो जिना एका पायानं मोजतो.
डॉक्टर म्हणाले, पाय टेकवला म्हणून.
वडील म्हणाले, पाय टेकवला म्हणून.
मी काहीच म्हणाले नाही, सदतीस वर्षं.

कॅटलॉगचं पान उलटत,
वर न बघता तो म्हणाला,
"तू बाहेरच्या बाजूला कललीस ना तेव्हा."
प्रश्न नव्हता तो.
"माझ्या पाठीला कळलं होतं.
तू घाबरलीस की माझं जॅकेट डावीकडे ओढायचीस,
घसरगाडीवरसुद्धा."
मग म्हणाला, "कॉफी आहे का अजून?"
होती. गार झालेली. त्यानं तशीच प्यायली.

शेवटी जुन्या मापाचीच ठरली, अरुंद, पोलादी,
मऊ फुग्यासारख्या टायरांसह.
भंगारवाला सुटी द्यायला तयार नाही:
आता सगळ्या गाड्या चार चाकांच्या,
संच चारचाच. घ्या नाहीतर राहू द्या.
घेतला.

तीन बसवली. अंड्यासारखं होतं ते
रेनालनं दोन दिवस ठोकून गोल केलं, जवळजवळ गोल.
त्याच्या मायेलला चालवायचंय; तो म्हणतो, बघू.
मी म्हणते, आधी हेल्मेट, मग बघू.

चौथं कोठारात खिळ्याला टांगलंय, कोरं, काळं.
ओदिलोंला सांगायला हवं होतं, उधारी फिटली म्हणून.
त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
कुंपण आहे. परवा त्याचा एक खांब कलला होता,
तो सरळ करून आले.